बारा रात्रींत संपलेली ट्यूब: मुरमांच्या उपचारात सोललेल्या चेहऱ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका संकुलात राहणारा सोळा वर्षांचा मुलगा. अकरावी विज्ञान, दुपारी दोन ते सात एंट्रन्सचा क्लास, आणि क्लासात एसी सतत चालू. नववीपासून कपाळावर बारीक पुळ्या होत्या. अकरावीत जाईपर्यंत गालांवर आणि हनुवटीवरही लाल पुळ्या आल्या, काहींत पू. खोल दुखऱ्या गाठी नव्हत्या, खड्डे पडलेले नव्हते. (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.)

जुलैच्या शेवटी नौपाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅडापलीन ०.१ टक्के आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के असं एकत्र जेल दिलं. पंधरा ग्रॅमची ट्यूब. सहा आठवड्यांनी दाखवायला या, म्हणाले. चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘रात्री, चेहऱ्यावर’. ‘सुरुवातीला एक दिवस आड, वाटाण्याएवढं’ हे तोंडी सांगितलं होतं. आईला ते नंतर आठवलं. मुलाच्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं, कारण त्या वेळी तो मोबाईलमध्ये होता.

औषध घेताना मेडिकलवाल्याने आपणहून सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश पुढे केला. ‘पिंपल्सवाले सगळे हाच नेतात.’ तोही पिशवीत आला.

अडचण

आठ-नऊ दिवसांत ओठांच्या कडा आणि नाकपुड्यांच्या बाजूची कातडी ओढल्यासारखी वाटू लागली. मग पापुद्रे सुटायला लागले. काळ्या टी-शर्टवर पांढरा भुगा पडायचा, आणि क्लासातल्या पोरांनी ‘तोंडाला कोंडा झालाय’ म्हणून चिडवायला सुरुवात केली. घाम आला की गालांची भगभग होई. पुळ्या कमी व्हायच्या ऐवजी जास्तच लाल दिसत होत्या. बाराव्या रात्री ट्यूब संपली आणि मुलाने आईकडे नवी मागितली. आईने त्याचा चेहरा दिव्याखाली नीट पाहिला तो तेव्हा.

खरं तर नवी ट्यूब मागितली गेली इथेच अर्धं निदान झालं होतं. वाटाण्याएवढं जेल म्हणजे साधारण पाव ते अर्धा ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब रोज वापरली तरी एक ते दोन महिने पुरायला हवी. बारा रात्रींत संपली म्हणजे रोज सव्वा ग्रॅम, हव्या त्याच्या अडीचपट ते पाचपट. दुसरा पुरावा दोरीवर वाळत होता. बाबांच्या गडद निळ्या टॉवेलवर फिकट नारिंगी डाग पडले होते. बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. नीट मुरलेलं थोडं जेल टॉवेलवर इतकं उतरत नाही. चेहऱ्यावर थर बसलेला असला की उतरतं.

पापुद्रे का सुटतात, हे थोडक्यात. केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बूच बनतं आणि पुळीची सुरुवात तिथे होते. अ‍ॅडापलीन हे चिकटणं सोडवतं, पण काम करताना छिद्र कुठलं आणि साधी कातडी कुठली हे ते बघत नाही. वरचा थर सगळीकडेच सैल होतो, त्यातून पाणी उडून जातं आणि मग जे काही लावू ते झोंबतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं आणि वर कोरडेपणाही वाढवतं. पहिले दोन ते चार आठवडे हा त्रास सर्वांत जास्त असतो. नंतर कातडी सरावते आणि तो उतरतो. म्हणजे थोडं सोलणं अपेक्षितच होतं, पण इथे झालं ते थोडं नव्हतं.

चेहऱ्याला दिवसभरात काय काय लागत होतं

सहा आठवड्यांची वाट न पाहता आई त्याला परत घेऊन गेली. तिथला संवाद साधारण असा:

‘चेहऱ्याला काय लावतोस?’
‘फक्त जेल.’
‘आणि धुतोस कशाने?’
‘फेसवॉशने. चार वेळा.’
‘दाढी करतोस?’
‘मिशीची. बाबांच्या रेझरने.’
‘त्यानंतर?’
‘तुरटी फिरवतो.’

‘फक्त जेल’ची यादी पुढे कागदावर उतरली ती अशी. सकाळी, क्लासला निघताना, क्लासहून आल्यावर आणि झोपताना सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश. रविवारी अक्रोडाच्या कण्यांचा स्क्रब, ‘मेलेली कातडी निघायला’. आठवड्यातून दोनदा रेझर आणि तुरटी. जेल आधी प्रत्येक पुळीवर ठिपक्याने जाडसर, मग उरलेलं सगळीकडे, तेही तोंड पुसल्या पुसल्या ओलसर कातडीवर. मॉइश्चरायझर अजिबात नाही, कारण चेहरा ‘आधीच तेलकट’. आणि दहाव्या दिवसापासून रात्री आजीने प्रेमाने लावलेलं खोबरेल.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते. पण सॅलिसिलिक अ‍ॅसिडही पापुद्रे सोडवतं, स्क्रब ते ओरबाडून काढतो, रेझर आणखी एक पातळ थर नेतो आणि तुरटी उघड्या कातडीला आवळते. ओल्या कातडीवर औषध लावलं की जळजळ वाढते, ती वेगळीच. एकाच कामासाठी चार माणसं लावली होती आणि चौघंही एकमेकांना न विचारता काम करत होती. खोबरेलाने कोरडेपणा तात्पुरता झाकला जातो, पण ते छिद्रं बुजवणाऱ्या तेलांत मोडतं. मुरमांच्या चेहऱ्यावर ते नको. हात-पाय, केस यांना लावायला काहीच हरकत नाही, म्हणजे आजीचा हिरमोडही होत नाही.

आईचा संशय टँकरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यावर होता. घोडबंदर पट्ट्यात संशय सर्वांत आधी तिथेच जातो. जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, साबणाचा अंश कातडीवर राहतो आणि कोरडेपणा वाढतो, हे खरं आहे. पण त्याच पाण्याने तोंड धुणाऱ्या धाकट्या बहिणीला काहीच झालं नव्हतं. शिवाय साबणाऐवजी साबणविरहित सौम्य क्लेन्झर घेतला की जड पाण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. म्हणून फिल्टर बसवायचा खर्च तूर्त बाजूला ठेवला.

समोर असलेले पर्याय

घरात तीन मतं होती. बाबा म्हणत, ‘सोलतंय म्हणजे लागू पडतंय, लावत राहा.’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. औषधाचा गुण आणि सोलणं यांचा तसा संबंध नाही. एकही पापुद्रा न सुटता मुरमं आटोक्यात येऊ शकतात. उलट गव्हाळ-सावळ्या कातडीत दाह झाला की त्याचा स्वतःचा काळपट डाग उमटतो. पुळीचा डाग जायला घेतलेलं औषधच नवा डाग देऊन जातं.

आईला सगळंच बंद करायचं होतं. तसं केलं असतं तर आठवड्यात चेहरा शांत झाला असता, यात वाद नाही. पण छिद्रांत बूच पुन्हा तयार होऊ लागली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाच्या मनात ‘हे औषध मला सोसत नाही’ हे कायमचं बसलं असतं. पुढे कोणताही डॉक्टर या गटातलं औषध लिहील तेव्हा नकार ठरलेला. प्रत्येक वेळी दोष औषधाचा नसून प्रमाणाचाच असतो, असं ठामपणे म्हणता येत नाही, पण यादी कागदावर आल्यावर संशय औषधावर उरला नव्हता.

तिसरं मत शेजारच्या काकूंचं. त्यांच्या भाचीला एका क्रीमने ‘दोन दिवसांत गोरं आणि गुळगुळीत’ केलं होतं. नाव विचारल्यावर ते मोमेटासोन (स्टेरॉइड), हायड्रोक्विनोन (रंग उजळणारं) आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण निघालं. त्यातल्या स्टेरॉइडमुळे लाली आणि आग झटक्यात बसते, म्हणून ते गुणकारी वाटतं. महिनाभर चेहऱ्यावर वापरलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, स्टेरॉइडचीच मुरमं उठतात आणि क्रीम सोडलं की चेहरा पेटतो. अशा मिश्रणात ट्रेटिनॉइनही असतं, म्हणजे आधीच सोललेल्या चेहऱ्यावर त्याच जातीचं आणखी एक औषध. काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून ते साधं, असं कोणी धरू नये. हा पर्याय डॉक्टरांनी पहिल्या वाक्यातच उडवला.

डॉक्टरांपुढे खरा निर्णय वेगळा होता. औषध बदलायचं की तेच थोडं थांबवून कमी प्रमाणात पुन्हा सुरू करायचं? बदल करायचा तर नुसतं अ‍ॅडापलीन किंवा अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड हे पर्याय होते. त्याआधी एक गोष्ट पक्की करायची होती: हा नुसता दाह आहे की बेन्झॉइल पेरॉक्साइडची अ‍ॅलर्जी? दाहात जळजळ जास्त असते आणि त्रास औषध लागलं तेवढ्याच भागात राहतो. अ‍ॅलर्जीत खाज पुढे असते, पापण्या सुजतात, बारीक पाणफोड येतात, आणि पुरळ औषध न लावलेल्या जागीही सरकतं. मुलाला खाज जवळजवळ नव्हती, पापण्या ठीक होत्या. नाकाच्या बाजूला पिवळसर तेलकट खवले नव्हते आणि डोक्यात कोंडाही नव्हता, म्हणून सेबोरिक डर्मटायटिसही (तेलकट भागांत खवले आणणारा त्वचेचा दाह) बाजूला पडला. तेच जेल ठेवायचं ठरलं.

काय केलं

पहिले पाच दिवस जेल बंद. फेसवॉश, स्क्रब आणि तुरटी कायमची बाहेर. मिशी दोन आठवडे तशीच ठेवायची. हे मुलाला सर्वांत जड गेलं.

तोंड दिवसातून दोनदाच धुवायचं, साबणविरहित क्लेन्झरने, नळाच्या साध्या पाण्याने, बोटांच्या पेरांनी, अर्ध्या मिनिटात. क्लासहून आल्यावर नुसतं पाणी. पुसायचं नाही, मऊ पंच्याने टिपायचं. कातडी ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर, तर्जनीच्या दोन पेरांवर मावेल इतकं, चेहरा आणि गळा मिळून. घेताना ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं, वास नसलेलं, ‘नॉन-कोमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं लोशन घेतलं. ओठांच्या कडा, नाकपुड्यांची घडी आणि ओठ यांवर रात्री व्हॅसलिनचा पातळ हात. सुटलेला पापुद्रा ओढायचा नाही. अर्धवट लोंबणारा ओढला की खालची ओली कातडी उघडी पडते आणि तिथेच डाग राहतो. मॉइश्चरायझर लागलं की तो चपटा बसतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप गळतो.

‘ठाण्याच्या एवढ्या दमट हवेत मॉइश्चरायझर कशाला?’ हा प्रश्न बाबांनी विचारला आणि तो रास्त आहे. पण मुलगा दिवसाचे पाच तास एसीत असतो, आणि तेलकट असणं म्हणजे कातडीत पाणी असणं नव्हे. वरचा थर फाटलेला असला की वर तेल असूनही खालून पाणी उडतं. हा चेहरा एकाच वेळी चकचकीतही होता आणि सोलतही होता. दमट हवेचा विचार करून घट्ट क्रीमऐवजी पातळ लोशन घेतलं, एवढाच फरक.

सकाळी एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन. आधीचं घरातलं सनस्क्रीन पहिल्याच दिवशी झोंबलं, म्हणून चेहरा शांत होईपर्यंत झिंक ऑक्साइडचं आणलं. पांढरट दिसतं ही मुलाची तक्रार बरोबर होती. दोन आठवड्यांनी तो जुन्यावर परत गेला.

सहाव्या दिवसापासून जेल पुन्हा सुरू झालं, आठवड्यातून फक्त दोन रात्री, सोमवारी आणि गुरुवारी. क्रम असा: तोंड धुऊन टिपायचं आणि वीस मिनिटं थांबायचं, म्हणजे कातडी पूर्ण कोरडी होते. नाकाच्या घड्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलिन, म्हणजे जेल तिथे पोचत नाही. मॉइश्चरायझरचा एक हात, दहा मिनिटं थांबायचं. मग वाटाण्याएवढं जेल, कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटी असे पाच ठिपके देऊन पसरवायचं. पुळीवर वेगळं लावायचं नाही, कारण औषध नुसतं दिसणाऱ्या पुळीसाठी नसून अजून न उठलेल्या पुळ्यांसाठीही आहे. शेवटी पुन्हा मॉइश्चरायझर. उशीला जुनी पांढरी खोळ आणि तोंडाला पांढरा पंचा, म्हणजे बाबांचे टॉवेल वाचतात.

वाढ कधी करायची, यासाठी तारीख ठरवली नाही, कसोटी ठरवली. आठवडाभर साध्या पाण्याने तोंड धुताना चुरचुरलं नाही, तर पुढच्या आठवड्यात एक रात्र वाढवायची. चुरचुरलं तर आहे तिथेच थांबायचं. मुलाने कपाटाच्या दारावर आतून कॅलेंडर चिकटवलं आणि जेलच्या रात्रींवर टिकमार्क करायला लागला. आईने रोज विचारणं बंद केलं, हेही उपचाराइतकंच उपयोगी पडलं असावं.

गणपतीत घसरलेली गाडी

तिसऱ्या आठवड्यात गणपतीसाठी गावी जायचं होतं, चुलत भावंडं भेटणार होती. मुलाने चेहरा लवकर साफ व्हावा म्हणून ओळीने तीन रात्री जेल लावलं. मॉइश्चरायझरचा डबा ठाण्यातच राहिला होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल बसला आणि परतल्यावर तो साबणाने घासून काढला. दुसऱ्या दिवशी हनुवटी पुन्हा सोललेली.

इथे पुन्हा दोन टोकं समोर आली: सगळं सोडा, किंवा काही झालंच नाही असं समजून चालू ठेवा. मुलाने मात्र तीन रात्री जेल वगळलं, गावच्या दुकानातून व्हॅसलिनची डबी आणली आणि घरी आल्यावर परत आठवड्याला दोन रात्रींपासून सुरुवात केली. आधीची पाच दिवसांची विश्रांती पुन्हा घ्यावी लागली नाही. पुढच्या वर्षीसाठी इतकं नोंदवलं: मिरवणुकीच्या दोन रात्री आधी जेल बंद, निघताना मॉइश्चरायझरचा जाडसर हात, आणि गुलाल आधी कोरड्या कापडाने झटकून मग क्लेन्झरने दोनदा हलक्या हाताने धुवायचा.

निष्पत्ती

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो एक दिवस आड जेलवर आला. हनुवटीवर बारीक भुगा अधूनमधून दिसे, पण झोंबणं थांबलं होतं. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे पुन्हा सुरू केल्यापासून जवळपास अकरा आठवड्यांनी, गालांवर नव्या लाल पुळ्या क्वचित येत होत्या आणि कपाळ बरंच सपाट झालं होतं. या औषधांचा अंदाज घ्यायला आठ ते बारा आठवडे द्यावेच लागतात. चौथ्या आठवड्यात आरशासमोर उभं राहून निकाल लावणाऱ्यांची निराशा ठरलेली. डॉक्टरांनी जेल तेच ठेवलं. चेहरा काही महिने असाच राहिला तर नुसत्या अ‍ॅडापलीनवर आणायचं ठरलं.

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवर तपकिरी छटा मात्र राहिली. ती मुरमांची नव्हती, त्या पहिल्या बारा रात्रींची होती, आणि नाताळापर्यंत पूर्ण गेली नव्हती. मिशी आता तो ट्रिमरने करतो, सकाळी, आणि त्या रात्री जेल लावत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त सुधारणा चिठ्ठीवर होती. ‘रात्री’च्या जागी ‘सोम-गुरु रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, डोळे-ओठ-नाकपुड्या वगळून’ इतकं लिहिलं असतं तर बरंच टळलं असतं. डॉक्टरांनी लिहिलं नाही तर पालकांनी तिथेच मोबाईलमध्ये टिपून घ्यावं, आणि सोळा वर्षांच्या मुलालाच ते परत सांगायला लावावं. जेल लावणारा तो आहे, आई नाही.

दुसरं, मॉइश्चरायझर त्रास झाल्यावर आलं. ते जेलच्या आठवडाभर आधी सुरू करता आलं असतं. तिसरं, मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीत नसलेलं काही घेताना एक प्रश्न विचारायचा राहिला: ‘या जेलबरोबर हे चालेल का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पाच दिवसांच्या विश्रांतीबाबत दुमत होऊ शकतं. काही तज्ज्ञ अशा वेळी जेल पूर्ण थांबवत नाहीत. ते अर्धा तास ठेवून धुवायला सांगतात आणि वेळ हळूहळू वाढवतात. या मुलाला साधं पाणीही झोंबत होतं, म्हणून थांबणं योग्य होतं. नुसता भुगा पडत असता आणि आग नसती, तर अर्ध्या तासाची पद्धत आधी करून पाहायला हवी होती.

हे सगळं लावायच्या औषधाबद्दल आहे. मुलगा किंवा मुलगी मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळीवर असेल तर हिशेब निराळा. तिथे कोरडेपणा सगळ्या अंगाचा असतो, ओठ जवळजवळ सगळ्यांचेच फुटतात, कधी नाकातून रक्त येतं, आणि तो डोसबरोबर वाढतो. ओठांना दिवसातून अनेकदा व्हॅसलिन, डोळ्यांत डॉक्टरांनी सांगितलेले थेंब आणि चेहऱ्यावर असली जेल बंद, हे करता येतं. वॅक्सिंग उपचार चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने टाळायचं. गोळी मनाने एक दिवस आड करू नये, डोस डॉक्टरच बदलतात. मुलींच्या बाबतीत गर्भधारणेचा धोका गंभीर असल्याने ती चर्चा लाजत-लपवत न करता पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

आणि जेल असो वा गोळी, पापण्या सुजल्या, पाणफोड आले, कातडीतून पाणी झिरपू लागलं किंवा खाजेने झोप उडाली, तर लावणं किंवा घेणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. फोटो पाठवून वाट पाहत बसायचं नाही.